सुकल्यावरचा रंग

पाकीट आमच्याच लेटरबॉक्समध्ये होतं, पण त्याच्यावरचं नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. मिस व्ही. तांबोळकर. आता ही कोण बया, असं मनात आलं, आणि मग उमगलं, ती बया मीच. सतरा वर्षांपूर्वीची. सिंगापूरला, बेडोकच्या या ब्लॉकमध्ये मला मिसेस सबनीस म्हणतात; शेजारची चिनी आजी तर माझ्या लेकीच्या नावावरून ‘किमया मम्मी’ एवढंच म्हणते, विनीता हे नाव तिला कधी लागलंच नाही. चुकून आलेलं टपाल इथे लेटरबॉक्सच्या वरच्या कडेवर उभं करून ठेवतात, पोस्टमन दुसऱ्या दिवशी घेऊन जातो. मी ते पाकीट तिथे उभं केलं. खोटं कशाला बोलू, केलं. आणि लिफ्टमध्ये शिरले. आमची लिफ्ट पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबते, आम्ही सातव्यावर, म्हणजे पाचव्यावर उतरून दोन जिने चढायचे. सहाव्या मजल्यावर भाजीची पिशवी कठड्यावर टेकवली, खाली पार्किंगमधल्या गाड्या बघितल्या, पावसानं धुतलेल्या, आणि स्वतःलाच म्हटलं, विनीताबाई, अमेरिकेचं तिकीट होतं त्याच्यावर. मग पिशवी तिथेच ठेवून पुन्हा खाली गेले.

पत्र टाइप केलेलं, दीड पानाचं. लिहिणारा कुणी हॅन्सन, जमिनींची पाहणी करणाऱ्या कचेरीतला; वयानं लहान असावा, कारण फार अदबीनं लिहिलं होतं. पत्ता विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या यादीतून मिळाला म्हणे. त्र्याण्णव सालचा तो मोठा पूर ओसरल्यावर त्यांनी नदीकाठच्या सगळ्या जमिनी पुन्हा तपासायला घेतल्या होत्या. वॉकर्स बेंडसुद्धा. वॉकर्स बेंड हे नदीचं एक वळण, आणि त्या वळणातल्या जमिनीचं पहिलं वर्णन माझ्या प्रबंधातलं. त्यांच्या पुस्तकात ही जमीन शोधलीत तर मूळ खड्डा म्हणून माझाच खड्डा सापडेल. जगात माझ्या नावावर जमीन म्हणावी तर एवढीच. तर हॅन्सन म्हणत होता, वरच्या थराचा सुकल्यावरचा रंग तुम्ही पाच दिला आहे, आम्हाला तीन ठिकाणी सहा मिळतो आहे. तसं असेल तर ही जमीन प्रेअरीच्या काळ्या जमिनींच्या वर्गातून काढून पुराच्या साध्या गाळाच्या वर्गात टाकावी लागेल. तुमच्या कोष्टकात त्या आकड्यापुढे पी. आर. अशी अक्षरं आहेत, म्हणजे तुमचे तेव्हाचे सहकारी प्रबोध रेगे. चूक त्यांच्या वाचनातली, अशी नोंद आम्ही करतो आहोत. काही सांगायचं असेल तर सोळा डिसेंबरच्या बैठकीआधी फॅक्स करावा. सांगण्यासारखं नसेल तर उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल.

उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल! इतकं सोयीचं वाक्य मला आयुष्यात कुणी लिहिलेलं नाही. बैठक सोमवारी, आज मंगळवार. पाच-सहा दिवस पोळ्या करायच्या, कामाला जायचं, किमयाच्या मागे लागायचं, आणि सोमवार आपोआप येणार. हे सगळं मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सुचलं, हातात अजून कोथिंबीर होती. कारण प्रबोधनं तो रंग वाचलाच नव्हता. कुणीच वाचला नव्हता. तो आकडा मी घातला होता, माझ्या मनानं, आणि पुढे त्याची अक्षरं लिहिली होती. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्याला, शामकांतलाही नाही. तसं लपवलं म्हणावं असंही नाही, कुणी विचारलं नाही एवढंच. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं कुठे रंगाचा विषय निघाला, अगदी साडीच्या दुकानात जरी निघाला, तरी मी चटकन दुसरं काहीतरी बोलायला लागते.

मातीला रंग दोनदा विचारायचा असतो, एकदा ओली असताना आणि एकदा सुकल्यावर. ओली माती सगळीच गडद दिसते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. रंगांची एक वही असते, तिच्या पानांवर रंगाच्या छोट्या चकत्या चिकटवलेल्या, प्रत्येक चकतीशेजारी एक भोक. पानामागे ढेकूळ धरायचं आणि भोकातून बघत बघत जुळणारी चकती शोधायची. खाली गडद, वर फिकट. आकडा वाढला की रंग उजळला. ऊन पाठीवर घ्यायचं, काळा चष्मा घालायचा नाही, सकाळी फार लवकर किंवा संध्याकाळी वाचायचं नाही. हजारो वर्षं गवत उगवून, कुजून, पुन्हा उगवून जी माती झाली, ती सुकल्यावरसुद्धा पाचाच्या वर जात नाही. ती प्रेअरीची काळी. आणि नदीनं काल-परवा आणून टाकलेली मळई ओली असताना हुबेहूब तशीच दिसते, पण सुकली की तिचा काळेपणा उतरतो. माझ्या प्रबंधात म्हणणं एवढंच होतं की पुराच्या पट्ट्यातसुद्धा एक जागा अशी आहे जिथे नदीनं गवताला पुरेसा वेळ दिला. प्रोफेसर लिंडक्विस्टना ती कल्पना फार आवडली होती. मलाही. तेवीस वर्षांची मुलगी पुण्याहून एकटी तिकडे गेलेली, मका आणि आभाळ सोडून नजरेला काही नाही, आणि तिला अशी एक जागा सापडते, म्हणजे काय होईल सांगा.

प्रबोध माझ्याआधी एक वर्ष तिथे आला होता. दादरचा. लांब, हडकुळा, बोलायला कमी, आणि बोलला की समोरच्याचं काम वाढवणारा. आम्ही दोघं मिळून खड्डा खणायचो, गळ्याइतका खोल, आणि आत उतरून भिंतीवर सुरीनं थर मोकळे करत जायचो. माती चिमटीत घेऊन थुंकीनं भिजवायची, अंगठ्यानं पुढे सारत तिची फीत काढायची. जितकी लांब फीत निघेल तितकी चिकण जास्त. पहिल्या दिवशी मला किळस आली. प्रबोध म्हणाला, “अहो तांबोळकर, थुंकी तुमचीच आहे.” रंग वाचायची आमची एक पद्धत होती, त्यानंच काढलेली. दोघांनी वेगवेगळं बघायचं, बॉलपेननं आकडा आपापल्या तळहातावर लिहायचा, मुठी मिटायच्या आणि एकदम उघडायच्या. लहान पोरं खेळतात तसं. आकडे जुळले तर वहीत जायचे, नाही जुळले तर पुन्हा. एकाचं तोंड बघून दुसऱ्यानं वाचू नये म्हणून हे. त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या तळहातांवर कायम निळे डाग असायचे. डिपार्टमेंटमध्ये सगळे हसायचे, काय हसायचं ते हसा म्हणावं. मला त्या मुठी उघडायच्या क्षणाची इतकी सवय झाली होती की रविवारी चुकल्यासारखं वाटायचं. प्रेम वगैरे होतं का? किमयानं विचारलं तर नाही म्हणेन. स्वतःशी म्हणायचं तर, तेव्हा माझं लग्न शामकांतशी ठरलं होतं, आणि मी त्या मुठींबद्दल पुण्याच्या पत्रात कधी लिहिलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी वॉकर्स बेंडच्या वरच्या थराचे नमुने शेडमध्ये सुकत पडले होते आणि आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. माझं तिकीट काढलेलं. टायपिस्ट बाई गुरुवारी शेवटचं कोष्टक मागत होती. बुधवारी आम्ही शेडमध्ये गेलो. प्रबोधनं एक ढेकूळ मोडलं, आतली बाजू गालाला लावली आणि ठेवून दिलं. “अजून ओल आहे. सुकू दे.” मी म्हटलं, अरे, ओला रंग तीन आलाय, सुकल्यावर दोनानं वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे, पाच येणार. तो म्हणाला, “येईल ना. आला की लिहू.” आणि रंगांची वही माझ्या हातात ठेवून तो दुसऱ्या कामावर दोन दिवसांसाठी निघून गेला. असा राग आला होता मला! उंटावरचा शहाणा, ह्याचं काय जातंय, ह्याचं लग्न थोडंच थांबलंय. गुरुवारी मी पाच लिहिलं. माझ्या स्वतःच्या वाचनाला दुसऱ्याची सही लागायची, तसा नियमच होता, म्हणून पुढे पी. आर. लिहिलं. तो आला की सांगू, असं ठरवलं होतं. तो आला तेव्हा मी सामान बांधत होते, निरोप घ्यायला आलेल्यांची गर्दी होती. विमानात आठवलं तेव्हा मनाशी म्हटलं, पाचच असणार, त्यात काय.

पुढचं मला दुसऱ्याकडून कळलं. वर्षभरानं लिंडक्विस्टनी मुलांना दाखवायला ती पिशवी काढली आणि त्यांना माती फिकी दिसली. त्यांनी कोष्टक बघितलं, प्रबोधला बोलावलं. माझ्या प्रबंधावरचा पेपर छापून झाला होता, त्याच्यावर त्यांचंही नाव होतं, तेव्हा पेपराला कुणी हात लावला नाही. पण ह्या मुलाच्या नजरेचा भरवसा नाही, असं ते चारचौघांत म्हणाले आणि प्रबोधची असिस्टंटशिप पुढे चालू ठेवली नाही. तो डिग्रीशिवाय परत आला. मुंबईत उतरल्यावर त्यानं मला पुण्याला एक पत्र टाकलं, दोन ओळींचं. ‘डॉ. लिंडक्विस्टनी विचारलं. मी गप्प राहिलो. तू काय ते बघ.’ मी तेव्हा सबनीसांच्या घरात नवी सून होते, मंगळागौरीची तयारी चालली होती, पत्र सासूबाईंनी आणून हातात दिलं. कुणाचं गं, म्हणाल्या. मी म्हटलं, कॉलेजमधल्या एकाचं. ते पत्र मी लगेच फाडलं आणि मग पुष्कळ वर्षं मनातल्या मनात त्याला उत्तर लिहीत राहिले. आता तो दापोलीकडे एका शाळेत शास्त्र शिकवतो असं ऐकलं होतं, आणि दिवाळीत पोरांना किल्ल्यासाठी माती कशी निवडायची ते दाखवतो, असंही.

मंगळवारी दुपारी मी कपाटाच्या तळातून बिस्किटांचा निळा डबा काढला. त्यात वॉकर्स बेंडचं एक ढेकूळ आहे, मुठीएवढं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. खड्डा बुजवायच्या दिवशी आठवण म्हणून घेतलं, पुण्याला नेलं, तिथून इथे आणलं. किमया लहानपणी त्याला ‘आईचा दगड’ म्हणायची आणि बाहुल्यांचा डोंगर करायची. रंगांची वहीही त्याच डब्यात. म्हणजे इतकी वर्षं दोन्ही शेजारी शेजारी पडून होती आणि मी एकदाही एक दुसऱ्यामागे धरून बघितलं नव्हतं. आज मात्र मला घाई झाली. कारण एक वाट होती ना! समजा हे ढेकूळ पाच निघालं. मग हॅन्सनचे खड्डे चुकीच्या जागी पडले असतील, पुरानं वर नवा गाळ टाकला असेल. मग मी लिहू शकते की वाचन बरोबर आहे, रेग्यांच्या नजरेत काही दोष नव्हता. प्रबोध सुटला, मीही सुटले, कुणालाच काही सांगायला नको. हे डोक्यात आलं आणि मी सवयीनं नळाखाली बोटं ओली करून ढेकळावर पाणी शिंपडलं. आधी ओला रंग, मग सुका. हात ते विसरले नव्हते. थोडं नाही, चांगलं भिजवलं. तीन आला, बरोबर तीन, लख्ख. आणि तेव्हा लक्षात आलं की बाई गं, सतरा वर्षं सुकलेलं ढेकूळ आपण आत्ता ओलं करून बसलो.

सिंगापूरच्या डिसेंबरात काही सुकत नाही. बांबूवर घातलेल्या चादरीला दोन दिवस लागतात, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात. ढेकूळ मी बशीत घालून फ्रिजच्या वर ठेवलं, तिथे जरा ऊब असते. बुधवारी सकाळी गालाला लावलं. गार. कामावर माझ्या हाताशी ओव्हन आहे, एकशे पाच अंशांवर रात्रंदिवस चालू. मी उबी नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका लॅबमध्ये काम करते, बांधकामासाठी जमिनीतून काढलेल्या मातीच्या नळ्या येतात त्या तपासायच्या: किती ओल, किती दाब सोसेल. रंगाशी इथे कुणाला घेणं नाही. इथली माती राखाडी समुद्राची चिकण, नाहीतर भराव. आमच्या बेडोकच्याच टेकड्या तीस वर्षांपूर्वी कापून समुद्रात लोटल्या आणि त्याच्यावर रस्ता आणि नारळ आणि सायकलचा ट्रॅक केला. तिथल्या नळीत टेकडीचा माथा खाली येतो आणि पोट वर. माझा सुपरवायझर मिस्टर टॅन म्हणतो, लेअर्स आर हिस्टरी, वी ओन्ली वॉन्ट स्ट्रेंथ. गमतीत म्हणतो, माणूस चांगला आहे. त्या दिवशी मी डब्यात ढेकूळ घेऊन गेले होते. ओव्हनचं दार उघडलं, गरम वारा तोंडावर आला. पण ओव्हनमध्ये भाजलेल्या मातीचा रंग वाचत नाहीत, तो बिघडतो. सावलीत, वाऱ्यावर, आपसूक सुकावी लागते. हे मला ठाऊक होतं आणि मी दार लावून टाकलं. ओव्हनमध्ये गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं संपलं असतं. पुन्हा तेच म्हणा, घाई.

गुरुवारी शामकांतचा फोन आला, फुजैराहून. ते जहाजावर चीफ इंजिनीअर आहेत, बंदराला लागले की कार्ड टाकून बोलतात, त्यामुळे सगळं पाच मिनिटांत बोलायचं असतं. “काय गं, आवाज असा का? किमयाचा रिझल्ट?” मी म्हटलं, नाही, किमया बरी आहे, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, हॅन्सन, प्रबोध, पी. आर., ढेकूळ. मला वाटलं होतं सांगायला तास लागेल. मिनिटभरात झालं. मग ते हसले. “अगं, माती ती! सतरा वर्षांपूर्वीची! आमच्याकडे तर बारा ते चारच्या पाळीचा पोऱ्या खाली इंजिनाकडे न उतरताच चार तासांचे आकडे लॉगबुकात भरून ठेवतो. तापमान ऐंशी, ऐंशी, ऐंशी. जहाज चालतंच की.” मी फ्रिजवरच्या बशीकडे बघितलं. “विनी?” “ऐकतेय.” “एकदा मात्र,” ते म्हणाले, आवाज जरा उतरला, “एकदा त्या ऐंशीच्या जागी एकशे वीस होतं. बेअरिंग जळालं. आणि खाली जो होता ना, ऑईलर, इंजिनाचं तेल बघणारा, गोव्याचा, त्याच्यावर ढकललं आम्ही सगळ्यांनी. आम्ही म्हणजे मी पण. सही त्याची होती.” मला हे माहीत नव्हतं. अहो, मग? म्हटलं. “मग काय, घरी पाठवला त्याला.” कार्ड संपत आल्याचा आवाज यायला लागला. “हे बघ, तुला काय करायचं ते कर. मला विचारू नकोस. मी त्यातला नाही.” फोन कटला. सतरा वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकमेकांना इतकं खरं पहिल्यांदा बोललो असू, आणि तेही कार्ड संपायच्या आत.

शुक्रवारी मी रजा टाकली. ढेकळाच्या कडा उजळल्या होत्या, मध्ये गडद. मी दर तासाला स्टुलावर चढून बघत होते. किमया शाळेला सुट्टी म्हणून घरीच, सोफ्यावर आडवी पडून टीव्ही बघत, ती म्हणाली, “आई, व्हाय यू कीप चेकिंग द दगड? इट्स नॉट अ केक लाह.” मी खेकसले तिच्यावर. मग वाईट वाटलं, तिला खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून आइस कचांग, सरबत घातलेला बर्फाचा चुरा, आणून दिला. मनात मी आकडेमोड करत होते: ओलं तीन, आता मध्ये चार असेल, कडा पाच, कडा पाचच, सहा नाहीत. पाच असू दे रे देवा, म्हणत होते, आणि एकीकडे हेही कळत होतं की मी देवाला माती गडद करायला सांगतेय. एवढ्या वर्षांत मी प्रबोधचा विचार केला तेव्हा त्याला कायम त्या खड्ड्यातच बघितलं, गळ्यापर्यंत, अठ्ठावीस वर्षांचा. आता तो पंचेचाळीसचा असेल. शास्त्राच्या तासाला खडू पुसून हात झटकत असेल. कुणा इन्स्पेक्टरनं विचारलं असेल, तुम्ही अमेरिकेला होतात ना, मग डिग्री का नाही? त्यानं काय सांगितलं असेल? त्यानं माझं नाव घेतलं नसणार. ह्याची मला इतकी खात्री होती की त्याचाच मला राग यायचा. घेतलं असतं एकदा नाव, तर मी नाही म्हटलं असतं किंवा हो म्हटलं असतं, काहीतरी झालं असतं! ‘तू काय ते बघ’ म्हणून मोकळा झाला. नाही, मोकळा कसला. मोकळी मी राहिले.

शनिवारी सकाळी पाऊस उघडला. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन आलं, स्वच्छ, पाठीवर घेता येईल असं. मी ढेकूळ खाली काढलं, मोडलं, आतली बाजू गालाला लावली. कोमट. ओल कुठेही नव्हती. बॉलपेन घेतलं आणि किमयाला हाक मारली. तिला काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, ह्या भोकांमागे हे धर, कुठला रंग जुळतो बघ, डाव्या बाजूचा आकडा तळहातावर लिही आणि मूठ मिट. मला दाखवू नकोस. “इज इट अ टेस्ट?” नाही, म्हटलं. “यू ऑल्सो डूइंग?” हो, मी पण. तिला गंमत वाटली. पानांचे कोपरे दमटपणानं सुटले होते, पण चकत्या शाबूत होत्या. तिनं जीभ दातांत धरून वर-खाली केलं, पुन्हा केलं, एक डोळा मिटून बघितलं. मग पाठ फिरवून लिहिलं. मग मी. खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, ढेकूळ पानामागे धरलं, ऊन माझ्या खांद्यावरून येत होतं. मग मीही लिहिलं आणि मूठ मिटली. वन टू थ्री, किमया म्हणाली. आम्ही मुठी उघडल्या.

तिच्या हातावर सहा होता. गोल, ठसठशीत, खाली रेघ मारलेला. माझ्या हातावर पाच.

“आई, हाऊ कॅन?” ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून वही घेतली, ढेकूळ पाचामागे धरलं आणि मला दाखवलं. पाचाच्या चकतीजवळ ते ढेकूळ राखेसारखं फिकं दिसत होतं. लहान मुलालाही कळलं असतं. मग तिनं ते सहामागे धरलं आणि ते तिथे असं बसलं की भोक कुठे आणि चकती कुठे ते कळेना. मी ढेकूळ नीट बघितलंच नव्हतं. हातात वही होती, डोळे त्या पानावर होते, आणि मी पाच लिहून मूठ मिटली होती, सतरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं तसंच. ह्या खेपेला तर टायपिस्टही थांबलेली नव्हती. किमया माझ्या तोंडाकडे बघत होती. मला रडू आलं. पोरीसमोर रडायचं नाही असं माझं एरवी असतं, पण आलं, काय करणार. तिनं टीव्ही बंद केला. मग माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, तुटक तुटक, तिला जमतं तसं, “आई, माझं चुकलं का?”

नाही गं बाळा, म्हटलं, तुझं बरोबर आहे. आणि मग तिला सांगितलं. तिथे उभ्या उभ्या, ओट्यावर मातीचा भुगा पडलेला, सगळं सांगितलं. खड्डा, थुंकी, मुठी. शेवटी ती म्हणाली, “सो द अंकल नेव्हर रोट एनीथिंग?” “नाही. तो म्हणाला, सुकू दे.” तिनं आपल्या तळहातावरच्या सहावरून बोट फिरवलं. “देन यू मस्ट टेल, राइट?” हो, म्हटलं.

दुपारी आम्ही दोघी बेडोक सेंटरमधल्या फोटोकॉपीच्या दुकानात गेलो, तिथे फॅक्स आहे. मजकूर मी घरूनच लिहून नेला होता, इंग्रजीत, सहा ओळी. वॉकर्स बेंडच्या वरच्या थराचा सुकल्यावरचा रंग १९७९ मध्ये कुणीही वाचला नव्हता. नमुना ओला होता. तो आकडा मी अंदाजानं लिहिला आणि मिस्टर रेग्यांची अक्षरं त्यांना न विचारता त्याच्यापुढे घातली. त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं. मूळ खड्ड्यातल्या ढेकळाचा रंग आज वाचला, तो सहा आहे. जमीन गाळाच्या वर्गात घालावी. कृपया ही नोंद माझ्या नावानं करावी. दुकानदार म्हाताऱ्यानं कागद यंत्रात सारला, तो हळूहळू आत गेला, दुसऱ्या बाजूनं तसाच बाहेर आला. आजचा रंग कुणी वाचला ते नाव खाली घालायचं होतं. मी के. सबनीस असं लिहिलं होतं, आणि किमयाला विचारून लिहिलं होतं.

तोच कागद मी पाकिटात घातला. दापोलीच्या शाळेचं नाव मला ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं लिहिलं, श्री. प्रबोध रेगे, शास्त्र शिक्षक, दापोली. पोहोचेल, मातीचे किल्ले शिकवणारा मास्तर पोस्टमनला माहीत असणार. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत काहीतरी लिहायला हवं होतं. सतरा वर्षं मनात लिहिलेल्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. शेवटी मी त्या मागच्या बाजूवर डावा तळहात ठेवला, बॉलपेननं त्याच्याभोवती रेघ काढली, आणि त्या हाताच्या मधोमध, जसं होतं तसं, पाच लिहिलं. खाली लिहिलं, ‘प्रबोध, आजही मी न बघताच लिहिलं. सुकल्यावर सहा आहे. तुझं बरोबर होतं.’ आणि सही केली, तांबोळकर.